काचेची न्हाणी

सोमवार, ४ मार्च

न्हाणीला भिंतच नाही! काच आहे, आरपार. पलंगावर बसलं की आतला माणूस नखशिखांत दिसतो. लग्नाच्या बत्तिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून लेकीने या झकपक हॉटेलात आणून सोडलंय. "आई, शहरातला सगळ्यात भारी भाग आहे हा!" घराचं रंगकाम काढलंय आणि किल्ली तिच्याकडे. म्हणजे शनिवारपर्यंत पळायला वाट नाही.

भिंतींना गिलावा नाही. कपाटाऐवजी एक लोखंडी नळी, तिला चार हँगर. गवंडी काम अर्धवट टाकून गेला की काय! हे पेपर वाचतायत. आल्यापासून तीन वाक्यं बोलले, त्यातलं एक वेटरशी.

मंगळवार, ५ मार्च

काचेच्या वरच्या कडेवरून चादर सोडली. नाश्त्याला खाली गेलो तर सफाईवाल्या बाईंनी ती धुवायची समजून नेली. दुपारी दुसरी सोडली. तीही गेली. बोलायचं कोणी? मला लाज, यांना कंटाळा. शेवटी तह झाला — चादर रोज सोडायचीच, शिवाय एकाने आंघोळ करायची, दुसऱ्याने बाहेर लिफ्टजवळच्या खुर्चीत बसायचं. त्या खुर्चीला पाठ नाही, हात नाहीत, नुसता दिमाख आहे.

हे चाळीस मिनिटं बसले तिथे. कुरकुर नाही. बत्तीस वर्षांत कशाची कुरकुर नाही आणि कशाचं कौतुकही नाही.

बुधवार, ६ मार्च

ताईचा फोन. नळ सोडून न्हाणीत घेतला. "रविवारपर्यंत नक्की सांग, नाहीतर ती खोली मी दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. किती दिवस अडवून ठेवू?"

इथे लिहून टाकते, म्हणजे मागे फिरायला नको. लेकीचं लग्न झालं. आता मला ताईकडे राहायला जायचंय, कायमचं. यांनी मला कधी वाईट वागवलं नाही. फक्त बोलले नाहीत. जेवताना समोरच्या माणसाचं चावणं ऐकू येतं, इतकं शांत घर! त्या शांततेत मला म्हातारं व्हायचं नाही.

वाक्य पाठ आहे — "अहो, मला आता वेगळं राहायचंय." पण यांची ती वाकलेली मान बघितली की जीभ रेटत नाही. घरी निदान उठून स्वयंपाकघरात तरी जाता येतं.

गुरुवार, ७ मार्च

सांगितलं नाही. गल्लीत फिरून आलो. कॅफे, कुंड्यांचं दुकान, परत कॅफे. हे दोन पावलं पुढे.

शुक्रवार, ८ मार्च

आज सफाईवाल्या बाई आम्ही खोलीत असतानाच आल्या. चादर बघितली, आमच्याकडे बघितलं आणि पलंगाशेजारचं एक बटण दाबलं. काच पांढरीफटक, आतलं काही दिसेना! "काकू, विचारायचं तरी! मला वाटलं, तुम्हाला रोज दोनदा चादर बदलून लागते."

आम्ही हसलो. दोघंही, एकदमच! यांना ठसका लागला, मी पाठ थोपटली. शेवटचं असं कधी हसलो होतो ते आठवेना.

तरीही संध्याकाळी मी आंघोळीला निघाल्यावर हे उठले. "अहो, बटण आहे ना आता?" "असू दे," म्हणाले आणि बाहेर गेले. मर्यादा पाळणारा माणूस! बोलवायला म्हणून मी दार जरासं उघडलं, तर त्या खुर्चीत बसून ओठ हलवत होते. मध्येच थांबायचे, मान हलवायचे, परत पहिल्यापासून. मला कळायला वेळ लागला नाही. आठवडाभर मी तरी दुसरं काय करतेय!

यांना माझ्याशी काहीतरी बोलायचंय. मी गुपचूप दार लावलं. छातीत धडधडत होतं, या वयात!

ताईला फोन करून सांगितलं, खोली देऊन टाक. "वेड लागलंय तुला," म्हणाली. लागू दे.

शनिवार, ९ मार्च

नाश्त्याला बोलले. एकदाही न अडखळता. "लेकीचं लग्न व्हायची वाट बघत होतो. मला आता वेगळं राहायचंय. घर तू ठेव."

मी "बरं" म्हणाले. लेक गाडी घेऊन खाली आलीय, घाई करतेय. सुटले म्हणावं, तर रडू थांबत नाही.