खिशात मावेल असा वाचक

३ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र संगणकाने वाचून दाखवलं, हसायच्या आणि काळजीच्या जागा नेहमीप्रमाणे एकाच सुरात. तू लिफ्टमधल्या 'तिसरा मजला, दार उघडत आहे' अशा आवाजांची कापाकापी करून पोट भरतेस, म्हणून तुलाच विचारतो. मला खिशात मावेल असा म्युझिक प्लेअर हवा आहे. गाण्यांसाठी नाही, वाचकासाठी.

छापखान्यातला माझा वाचक तुला आठवत असेल. तीस वर्षं तो मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि मी समोर बसून छापील कागदावरच्या चुका धरायचो. माझे डोळे गेल्यावर तो रोज घरी येऊन मला पुस्तकं वाचून दाखवायचा. त्याच्या आवाजातली एकतीस पुस्तकं माझ्या संगणकात आहेत. एप्रिलमध्ये त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

आता आमची गंमत बघ. तो पाटीवर लिहितो, ते मला दिसत नाही. मी बोलतो, त्याला उत्तर देता येत नाही. वहिनी मधे बसून पाटी वाचतात, पण त्यांच्यादेखत आम्हाला एकमेकांना शिव्या देता येत नाहीत. मागच्या आठवड्यात त्याने लिहिलं की यापुढे कोणी भेटायला येऊ नये, मीसुद्धा. मला वाईट वाटलं आणि रागही आला. त्याचाच आवाज त्याच्या कानाला नेऊन लावायचा, म्हणजे ताळ्यावर येईल, असा माझा बेत आहे. नाही आला तर मला बोलायला माणूस उरत नाही. तेव्हा जरा घाई कर.

आईला यातलं काही सांगू नकोस, ती लगेच फोन करून रडेल. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

मामा

८ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

प्लेअर कुरिअरने पाठवला आहे. माझ्याकडे आहे तसाच, सगळा काचेचा, आवाज एकदम स्वच्छ. सोबतच्या कागदावर लिहिलेला कंपनीचा प्रोग्रॅम संगणकात टाकायचा, मग फायली आपसूक आत जातील. शेजारच्या इलेक्ट्रिशियनला हाक मार, त्याला चुटकीसरशी जमेल.

वाचककाकांचं ऐकून कसंतरी झालं. लहानपणी सुट्टीत तुझ्याबरोबर छापखान्यात यायचे, तेव्हा मला वाटायचं की दोन माणसं कागद हातात घेऊन दिवसभर भांडतात आणि त्याचा पगार घेतात. आईला सांगितलेलं नाही. तब्येत सांभाळ, आणि भाचीवर माया राहू दे.

ठकी

१७ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काच परत पाठवतो आहे. धुतलेल्या ताटलीवरून फिरावं तसं बोट तिच्यावरून फिरतं, कुठे काही लागत नाही. चालू आहे की बंद, हेही कळेना. आणि कंपनीचा प्रोग्रॅम माझा संगणक उघडतच नाही. इलेक्ट्रिशियनने मला जी फुकटातली प्रणाली घालून दिली आहे, तिच्यावर या कंपनीची मेहेरनजर नाही. कंपनीच्या बाईंनी फोनवर सांगितलं की ती काढून नेहमीची घाला. बाईंना काय माहीत? पडदा वाचून दाखवणारा आवाज याच प्रणालीत बसवलेला आहे. ती काढली तर मी दुसऱ्यांदा आंधळा होईन.

तू आधी मला काही विचारलं नाहीस, हे बरं केलं नाहीस. आता लिहून घे. संगणक नऊ वर्षांचा. पुढच्या बाजूला दोन चपट्या खाचा, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या. फायलींच्या नावाशेवटी 'ओ जी जी' असं ऐकू येतं. बटणं हवीत, आणि ती चाचपून वेगवेगळी कळायला हवीत. रंग तुझ्या आवडीचा घे.

वहिनी म्हणतात, तो आता पाटीही हातात घेत नाही. रागावलो असलो तरी तुझाच,

मामा

२९ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

चुकलंच माझं. या वेळी उलट्या बाजूने सुरुवात केली. स्टुडिओतल्या एका जुन्या संगणकात तुझीच प्रणाली टाकून घेतली आणि प्लेअर आणून आणून त्याला जोडून पाहिले. पहिल्याला संगणकाने ओळखच दिली नाही. दुसऱ्याला दिली, पण 'ओ जी जी' फाईल वाजवायला तो तयार होईना. तिसरा मात्र जोडल्याबरोबर साध्या पेनड्राइव्हसारखा उघडला. फाईल उचलायची, आत टाकायची, संपलं. दिसायला साबणाची वडी आहे. दुकानदाराने तो कुठल्याशा कोपऱ्यातून धूळ झटकून काढला आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. बटणं पाच. मधल्यावर मी नेलपॉलिशचा एक जाड थेंब वाळवला आहे, ते चालू-बंदचं.

शिवाय एक भेट. मागे आले होते तेव्हा तुझ्या सगळ्या फायलींची प्रत नेली होती. त्यातलं पूल बांधणाऱ्यांचं पुस्तक तयार करून आत भरलं आहे. वाचककाका सवयीने 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम', 'कंस सुरू', 'कंस पुरा' हेही मोठ्याने वाचतात ना, ते एकूण एक कापून काढलं. दहा दिवस त्यातच गेले. आता वाचन कसं सुरळीत चालतं. ऐकून काका खूश होतील. पोचल्याचं कळव, आणि मागचं मनात ठेवू नकोस.

ठकी

८ जुलै

चि. ठकीस,
आशीर्वाद. वि. वि.

प्लेअर उत्तम. संगणकाने ओळखला, मी स्वतः एक फाईल आत घालून पाहिली, बटणंही पाठ झाली. तुझ्या निवडीला नाव ठेवायला जागा नाही.

काल दुपारी वाचकाकडे गेलो. वहिनी बाहेर गेल्या होत्या, दार त्यानेच उघडलं. इयरफोनचं एक टोक त्याच्या कानात घातलं, दुसरं माझ्या, आणि तुझं पुस्तक लावलं. पाच मिनिटं झाली असतील. त्याने कानातून ते ओढून काढलं, खुर्ची सरकली आणि आतल्या खोलीचं दार लागलं. वहिनी आल्यावर त्याने पाटी हातात घेतली, एवढंच काय ते यश. वहिनींनी वाचून दाखवलं की याने माझं काम दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतलं.

ठकी, ती त्याची सवय नव्हती, तो त्याचा धंदा होता. तीस वर्षांत त्याचा एक स्वल्पविराम सुटला नाही. मला तुझा फार राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. त्याला ऐकवण्याआधी मीच ऐकून बघायला हवं होतं, म्हणून थोडा स्वतःचाही आला आहे.

मामा

१० जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आमच्याकडे नको ते काढणं म्हणजेच काम. काकांच्या बाबतीत काय नको, हे मी कोण ठरवणार होते? मूळ फायली तुझ्या संगणकात जशाच्या तशा आहेत. माझं पुस्तक पुसून मूळ भर. हा उद्योग भाचीचा, असं काकांना सांग. हे पत्रच त्यांना वाचायला दे. रविवारी येऊन त्यांची माफी मागते. तुझा राग ओसरेपर्यंत माझं तोंड पाहू नकोस, हे तरी कसं म्हणू?

ठकी

२१ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

या रविवारी येऊ नकोस, आम्ही कामात आहोत.

तुझं पत्र छापून घेऊन गेलो. त्याने ते वाचलं. मग माझ्या खिशातून प्लेअर काढून घेतला. तुझं न पुसता मूळ पुस्तकही मी भरून नेलं होतं, पण त्याने तुझंच लावलं. पहिलं वाक्य संपलं आणि टेबलावर टक टक असं वाजलं. मला वाटलं, बोटांचा चाळा असेल. पुढच्या वाक्यात मधेच एकदा टक, शेवटी पुन्हा टक टक. छापखान्यात यंत्रांच्या आवाजात शब्द ऐकू यायचे नाहीत, तेव्हा तो असाच पेन्सिलीने ठोकायचा. एक ठोका स्वल्पविराम, दोन पूर्णविराम. तू गाळलेलं तो परत घालत होता.

दुसऱ्या पानावर मी त्याला म्हटलं की इथे अर्धविराम होता, तू स्वल्पविराम दिलास. त्याने पेन्सिल माझ्या मनगटावर मारली. तेवढा भाग मूळ पुस्तकात लावून ऐकला. त्याचंच बरोबर निघालं. पहिल्या प्रकरणाला अडीच तास लागले. वहिनी घरी आल्या तेव्हा आमचं भांडण जोरात होतं, माझा आवाज आणि त्याची पेन्सिल. मधे बसायला त्यांना कोणी सांगितलं नाही.

निघताना त्याने माझा हात धरून तळव्यावर बोटाने चार काढला. तेव्हापासून रोज चारला जातो.

या पुस्तकाची पाच प्रकरणं उरली आहेत. ती संपायच्या आत पुढच्या पुस्तकातलेही सगळे विराम काढून पाठव. एकही राहू देऊ नकोस.

तुझा,
मामा