शह न देणारी चाल

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि आज दुपारी इथे राजधानीत, द्वारकेच्या घरी, मी एकटाच दोन चालींत मात करायचं कोडं घेऊन बसलो होतो. चाल पांढऱ्याची. वजिराने शह दिला, राजा निसटला. हत्तीने दिला, तरी निसटला.

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधला रविवार. वर्तमानपत्रातलं कोडं तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलंय, आई पोळ्या लाटतेय, आणि आठवीतला मी वजीर आपटून शह, शह म्हणून ओरडतोय. "झालं याचं भाषण सुरू," आई म्हणते. तुम्ही वजीर मुकाट्याने जागेवर ठेवता. "शह देतोस, मात कुठेय? पहिली चाल बहुतेक वेळा गप्प असते. राजाच्या वाटा आधी बंद कर." तो तुमचा सरकारी नोकरीतला भित्रेपणा, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं आणि पुढची चाळीस वर्षं शहच देत आलो.

गेल्या महिन्यात मी शिकवतो त्या कॉलेजच्या फाटकावर मी कंत्राटी शिक्षकांसाठी बोललो. प्राचार्यांचं नाव घेऊन बोललो, टाळ्या पडल्या. मला निलंबित करतील असं वाटलं; त्यावरचं भाषणही तयार होतं. मला कुणी काही केलं नाही. माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या दोन कंत्राटी शिक्षिकांना मात्र पुढच्या सत्रात काम नाही असं कळवलं. तावातावाने केबिनमध्ये गेलो, तर प्राचार्यांनी चहा मागवला. "सर, आपको तो हमने कुछ कहा ही नहीं." मग हळूच म्हणाले, लेखी माफी दिलीत तर त्या दोघींचं बघू. दिली तर मी फाटकावर बोललो ते खोटं ठरतं, नाही दिली तर त्या जातात. आणि पाळी आली की खेळावंच लागतं, ते तुम्हीच शिकवलंत.

कोडं शेवटी सुटलं. हत्ती एक घर मागे. शह नाही, काही नाही. पण काळ्याने काहीही खेळलं तरी मात. मग बराच वेळ मी तो पट काळ्याच्या बाजूने बघत बसलो.

माफीनाम्यावर सही केली, बाबा. चारच ओळी आहेत. उद्या त्या दोघींना सांगेन, "तुम्हा दोघींसाठी केली," आणि ते खरंही आहे. पण हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. केबिनमध्ये चहाचा कप उचलताना मला माझ्याच नोकरीची भीती वाटत होती, आणि त्या वेळी त्या दोघी माझ्या मनातही नव्हत्या.