मापात बसलेला टर्बो

ती. दादा,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. मी खुशाल आहे, आज तर खुशालीच्याही चार बोटं वर आहे. तुझी नवी कवळी हिरड्यांवर नीट बसली का? बोचत असेल तर त्या डॉक्टरची भीड धरू नकोस. दुसऱ्याच्या मापाची वस्तू आपल्याला बसवायला निघालं की काय होतं, ते मी सध्या चांगलंच शिकले आहे.

माझी लाल गाडी आठवते ना? शिवणाचं दुकान बंद केल्यावर घेतलेली, जिच्यावरून वहिनीने “या वयात?” असं विचारलं होतं, ती. तिचा टर्बो गेला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारी आणि इंजिनात हवा कोंबणारी छोटी गिरणी. ती बसली की शर्यतीची गाडीसुद्धा रडतखडत चालते. हे म्हणाले, विकून टाक. धाकटे भावजी (गाडीवर पहिल्या दिवसापासून डोळा) लगेच म्हणाले, “वहिनी, मी घेतो ना!” माझं डोकंच फिरलं. क्लबच्या डोंगरशर्यतीत तुमच्यापेक्षा कमी वेळात वर पोचले नाही तर किल्ली तुमची, असं मी सगळ्यांसमोर बोलून गेले. यांना जेवता जेवता ठसका लागला.

भावजींनी आपल्या गाडीला भोपळ्याएवढा टर्बो बसवून घेतला होता. आमचा मिस्त्रीही त्याच पंथाचा. म्हणे, जेवढा मोठा तेवढा जोर. अरे, असं असतं तर मी जन्मभर सगळ्यांना एकाच, सगळ्यात मोठ्या मापाचे कोट शिवले असते की! मोठा टर्बो घुमायलाच वेळ घेतो, आणि आपल्या डोंगरावर तो जागा होईपर्यंत पुढचं वळण हजर. मी जुन्या टर्बोच्या तोंडावर ब्राऊन पेपर ठेवून बोल्टांच्या भोकांसकट नमुना कापला, तेलापाण्याच्या नळ्या टेपने मोजल्या, बॉनेटखालची जागा पाहिली आणि तो कागद घेऊन दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, हा कोणत्याही गाडीला बसतो. (कुणालाही बसणारा कपडा कुणालाच बसत नाही, हे मी त्याला तिथेच ऐकवलं.) दुसऱ्याकडचा बोल्टांना बसला, पण बॉनेट मिटेना. अखेर मूळच्याहून किंचितच मोठा, भोकाला भोक जुळणारा टर्बो मिळाला, तेव्हा मी भर दुकानात टाळी वाजवली. मिस्त्रीने नाक मुरडत तो बसवला, कॉम्प्युटर लावून इंधनाचं गणित नव्याने जुळवलं. जोडांमधून गळू नये म्हणून मध्ये घालतात ती पातळ गॅस्केटं तेवढी मी स्वतः कापली. कात्री मी दुसऱ्याच्या हातात देत नाही.

आणि दादा, मी आज जिंकले! हे घरीच राहिले (म्हणे, बघवणार नाही). गाड्या एकेक करून सोडत होते. पाय दाबला की टर्बो लगेच हाकेला ओ देत होता, प्रत्येक वळणातून गाडी अशी सुटत होती की मी एकटीच ओरडत होते. दुतर्फा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. भावजींचा भोपळा मात्र वळण सरल्यावरच जागा व्हायचा. टाइमकीपरने घड्याळ दोनदा पाहिलं, मग माझा हात वर केला. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून चक्क रडले. गाडी माझीच राहिली, दादा.

तुझी,
धाकटी (आणि पहिली)

ता.क. टाळ्यांबद्दल सांगायचं राहिलं. त्या माझ्या मागे निघणाऱ्या निळ्या धुराला होत्या. टर्बोतलं तेल परत इंजिनात नेणाऱ्या नळीचं गॅस्केट कापताना मी सवयीने, पुढे सैल करता यावं म्हणून, भोकाच्या आतल्या बाजूला चांगली माया सोडली. तेलाला परतीची वाटच उरली नाही. ते सगळं धूर होऊन गेलं. गाडी आता जागची हलवायची सोय नाही.

आणखी एक. हे पत्र खाली उतरणाऱ्या टाइमकीपरच्या हाती देतेय, तो तुझ्या दारावरूनच जातो. तेलाचा डबा आणि मिस्त्रीने कापलेलं गॅस्केट घेऊन ये. यांना कळवू नकोस, ते म्हणतील, भावजींना ओढू दे की. भावजी दोर हातात घेऊन माझ्या गाडीपाशी उभे आहेत आणि गोड हसतायत. मी त्यांना म्हटलंय, मी देखावा बघायला थांबले आहे. आता इतकं धुकं उतरलंय, की देखावा सोडाच, भावजीसुद्धा अर्धेच दिसतायत. लवकर ये.