पिवळी पट्टी

३० मे
बॅग भरली. आमच्या चर्चची सेवा-टीम उद्या परदेशी निघते. तीन आठवडे, एक शाळा, साठ मुलं. टीममध्ये सातजण, पण अनुभवी मीच. सत्तावीस वर्षं हेडक्लार्क म्हणून माणसं हाताळलीत.

सौ. म्हणाली, घरचा एक नातू सांभाळता आला नाही, तिथे साठांचं काय करणार? त्या प्रकरणाचा एवढा बाऊ का करतात कळत नाही. मार्चमध्ये नातवाला घेऊन दुकानात गेलो आणि परत येताना फक्त पिशव्या आल्या. नातू काउंटरवर सुखरूप बसला होता, बिस्किट खात. एकूण वीस मिनिटं. तेव्हापासून सूनबाई त्याला माझ्याबरोबर गेटपर्यंतही पाठवत नाही. बोलत काहीच नाही. ते जास्त लागतं.

संकल्प: शाळेकडून लेखी सर्टिफिकेट आणायचं, 'मुलं उत्तम सांभाळतात.' सूनबाईच्या हातात ठेवायचं. एक शब्द बोलायचा नाही.

२ जून
पोचलो. मुख्याध्यापिकेने प्रत्येकाला इथल्या भाषेत काहीतरी विचारलं. बाकीच्यांनी फडाफडा उत्तरं दिली. तीन महिने दर शनिवारी चर्चचे पाळकसाहेब त्यांची भाषेची प्रॅक्टिस घेत होते. मी एकदाच गेलो. मुलांना प्रेमाची भाषा कळते, असं मी पाळकसाहेबांना सांगितलं होतं. शिवाय शनिवारी दुपारी झोप येते.

मी नुसता हसलो. बाईंनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि माझ्या मनगटावर पिवळी कापडी पट्टी बांधली. फक्त माझ्या! बाकीच्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. पाळकसाहेब खोकत बाहेर गेले.

३ जून
मला असिस्टंट मिळाली. दोन वेण्या, वय नऊच्या आसपास, चेहरा ऑडिटरचा. सतत माझ्याबरोबर असते आणि वहीत काहीतरी टिपते. माझी शिकवण्याची पद्धत लिहून घेत असणार. कधी ओळीपुढे तारा काढते, कधी नाही.

५ जून
जेवणात वाटाणे. मला वाटाणे आवडत नाहीत. वेणीवाली ताटाजवळ उभी राहिली, ती हलेचना. मुलीला नाराज कशाला करायचं, म्हणून चार खाल्ले. तिने वहीत तारा काढला.

नंतर तिने माझ्या बुटाची सुटलेली लेस बांधली. पाहुण्याच्या पायांशी वाकायची इथे रीत दिसते. मन भरून आलं.

६ जून, ११.१०
वेणीवालीने एक कार्ड दाखवलं. त्यावर कमोडचं चित्र. बिचारीला जायचं असेल, म्हणून मी तिला घेऊन गेलो. ती दाराबाहेर उभी राहिली आणि मला आत जायची खूण केली. तिचं मन मोडू नये म्हणून गेलो. बरं झालं गेलो.

९ जून
आज माझा मोठा धडा: बायबलमधलं नोहाचं तारू, प्राण्यांनी भरलेलं जहाज. पुठ्ठ्याचे चोवीस प्राणी स्वतः कापलेत. हत्ती उचलून मी आवाज काढला तेव्हा वर्ग हसून लोळला. जिराफाच्या वेळी दोघं बाकाखाली गेले. शेवटी वेणीवालीने मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि उरलेला धडा स्वतः घेतला. वर्ग चिडीचूप.

याला डेलिगेशन म्हणतात. ऑफिसातही मी हेच करायचो.

१२ जून
एकटाच रंगीत खडू आणायला बाहेर पडलो. येताना रस्ते बदलले. सगळी घरं सारखी, सगळ्या पाट्या न वाचता येणाऱ्या. फोन शाळेत राहिलेला. एका बाकावर बसून शहराचं निरीक्षण केलं, साधारण तासभर. घाबरण्याचा प्रश्नच नव्हता.

वेणीवाली शाळेच्या वॉचमनला घेऊन आली आणि माझा हात घट्ट पकडला. एवढ्या रहदारीत लहान मुलगी! मी तिला सुखरूप शाळेत पोचवलं. सर्टिफिकेटमध्ये हे यायलाच हवं.

२० जून
निरोप समारंभ. स्टेजवर पिवळ्या पट्टीवाल्यांची रांग लावली. माझ्याशिवाय तिघं होते. वयं पाच, पाच आणि सहा.

पाळकसाहेबांना म्हटलं, जरा समजावून सांगा. त्यांनी सांगितलं. इथली पद्धत अशी: भाषा न येणारं नवं मूल आलं की पट्टी बांधायची आणि मोठ्या वर्गातलं एक मूल सांभाळायला द्यायचं. त्याने रोज वहीत नोंद करायची. मूल तयार झालं की पट्टी सोडायची.

तिघांच्या पट्ट्या सुटल्या. टाळ्या. वेणीवालीने माझ्यावरच्या नोंदींची वही वाचली. पाळकसाहेब कानात मराठी सांगत होते; नंतर तेच त्यांनी पेन्सिलीने वहीत प्रत्येक ओळीखाली लिहून दिलं.

'मोठा आहे, पण नवा आहे.' 'चार वाटाणे खाल्ले.' 'वेळेवर जाऊन आला.' 'आज हरवला. रडला नाही, पण परत येईपर्यंत माझी बोटं सोडली नाहीत.'

शेवटी: 'चांगला आहे. अजून थोडे दिवस लागतील.' पट्टी सोडली नाही. वही मला भेट दिली.

विमानात झोप नाही. नातू बिस्किट खात होता, एवढंच मी सगळ्यांना सांगत आलो. त्याआधी रडून रडून त्याचा चेहरा सुजला होता, ते कधीच सांगितलं नाही. त्या बाकावर मला खूप भीती वाटली. मी एकसष्ट वर्षांचा. तो सहाचा.

२३ जून
घरी. सर्टिफिकेट पोस्टाने येईल, असं सांगितलं. वही धुवायच्या कपड्यांखाली लपवली.

२४ जून, सकाळी
कपडे धुवायला सूनबाईच घेणार, हे लक्षात यायला हवं होतं. पेन्सिलीतलं मराठी तिने पहिल्या पानापासून वाचलं. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज, मग पानं मागे उलटण्याचा. मी पेपर उलटा धरून बसलो होतो.

बाहेर आली. मी म्हटलं, तो त्या दिवशी खूप रडला होता, मी सांगितलं नव्हतं. म्हणाली, माहीत आहे, घरी येऊन त्यानेच सांगितलं होतं.

मग म्हणाली, अर्धा तास दोघं बागेत जाऊन या. आणि बजावलं, हात अजिबात सोडायचा नाही. हे मला नाही, नातवाला.

२४ जून, दुपारी
वेळेत परतलो. दोघंही.

जेवताना नातवाने वही मागून घेतली आणि नव्या पानावर लिहिलं: 'आज आजोबा हरवले नाहीत.'

तारा का नाही, विचारलं. म्हणाला, आधी ताटातले वाटाणे संपवा.