गवत, वाळलेले

प्रति,
मा. अधीक्षक, पशुरोग प्रतिबंध विभाग,
सीमा जकात कार्यालय, ओबरहाल्म.

विषय : अटकावून ठेवलेल्या वनस्पती-नमुन्यांचे टिपकागद बदलू देण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व त्या सर्वांवरील आपले एकच उत्तर.

महोदय,

आज सकाळीही नेहमीप्रमाणे मी राय धान्याचा पाव व कॉफी घेतली, बहीण ओटिलीए हिने चुलीवर शेकून दिलेले टिपकागद ऊब टिकावी म्हणून कोटाच्या आत धरले आणि आपल्या फाटकाशी आलो. पहारेकरी श्री. श्लाग म्हणाले, "या डॉक्टर! नुसतंच गवत मागता, गाय कुठंय?" हा विनोद ते रोज करतात, त्यात दुष्टावा नाही.

२. हंगेरीत गुरांची साथ असल्याने तिकडील चारा रोखणे योग्यच आहे. मात्र मी आयुष्यभर तृणकुळाचा अभ्यास केला असल्याने, तिकडून आणलेल्या माझ्या पेट्यांत काय आहे या जकात-पत्रकातील प्रश्नापुढे 'गवत, वाळलेले' असे लिहिले. "जुने कागद लिहायचं होतंत, पेट्या केव्हाच घरी पोचल्या असत्या!" असे श्री. श्लाग कळवळून म्हणतात. गवताला दुसरे काही म्हणणे मला आजही जमणार नाही.

३. पशुवैद्यांनी विचारले, "गाय खाईल का हे?" खाईल, असे मला सांगावे लागले.

४. पेट्या ठेवलेल्या आपल्या चारा-छपराखाली ओल आहे; नमुने ज्या टिपकागदांत दाबले आहेत ते ती शोषतात, म्हणून वेळीच बदलावे लागतात. वरच्या पेटीतील बुरशी फळीच्या फटीतून दिसते. ज्या पाणथळ कुरणातून हे नमुने घेतले, तेथे आता बंधारे घालून नांगर फिरला आहे. यातील काही तृणे जगात अन्यत्र असल्याचे मला ठाऊक नाही.

५. आपण कळविले की, संशयित चाऱ्यास स्पर्श करणाऱ्या इसमास साथ संपेपर्यंत आवाराबाहेर सोडता येत नाही, सबब अर्जदाराने विचार करावा.

अर्जदाराने विचार केला. मी आत गेलो तेव्हा श्री. श्लाग विनोद विसरून म्हणाले, "डॉक्टर, हात लावू नका हो. मग मलाच तुम्हाला अडवावं लागेल." मी पेटीची दोरी सोडली. वरचे कागद बदलून झाले आहेत. सबब मूळ विनंती आता उरलेली नाही. कोरडे टिपकागद तेवढे फाटकातून आत येऊ द्यावेत. रोग बाहेर जाऊ नये म्हणून अर्जास धुरी दिल्यामुळे डाग पडले असल्यास क्षमा असावी.

आपल्याच आवारातील,
नम्र
डॉ. गॉटहिल्फ ब्रेमके
चारा-छप्पर, ५ नोव्हेंबर १८७२

सोबत : अभ्यासिकेची किल्ली, बहिणीस पोचती व्हावी. टिपकागद खालच्या कपाटात आहेत.