बाळाचं वजन आणि माझा काटा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो खरा, पण खुर्चीचा आधार घेऊन.) तुझे गुडघे आता बरे असतील, दाजींचा खोकलाही थांबला असेल. इकडे बाळ-बाळंतीण देवाच्या कृपेने सुखरूप आहेत. माझीच अब्रू तेवढी गेली.

त्याचं असं झालं. बाळ सारखं रडतं, म्हणजे लेकीचं दूध पुरत नसणार, असं मी ठरवलं. तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याने अंदाजावर का बसावं? दुकानातला सगळ्यात नाजूक काटा घरी आणला (खोटा निघणारा काटा मी दुकानात ठेवतच नाही) आणि पाजण्याआधी व पाजल्यावर बाळाला तोलू लागलो. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पोटभर पिऊन बाळ चाळीस ग्रॅमनी कमी भरलं. मी ते मोठ्याने सांगितलं. लेक रडायला लागली, पान्हा आटला, बाळाने घर डोक्यावर घेतलं. पावडरचा डबा आणायला मी चपला घालतोय, तोच बाळ-बाळंतिणीला तपासायला येणाऱ्या नर्सबाई दारात.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "काका, दुकानात गोणीचं वजन वजा करता ना?"

"करतो की."

"मग लंगोटाचं?"

सौ.ने मधे ओला लंगोट बदलून कोरडा घातला होता, ताई. काटा बरोबरच होता. (हे मी नर्सबाईंकडून दोनदा कबूल करून घेतलं.) त्या म्हणाल्या, बाळ मागेल तेव्हा पाजा, दिवसाला सहा लंगोट ओले झाले म्हणजे दूध पुरतंय, सहा महिने दुसरं काही नको, पाणीसुद्धा नको. आईने मात्र भाजी, डाळ, फळं, सगळं खायचं. आम्ही तिला आठवडाभर मऊ भातावर ठेवलं होतं. देवाने जे झाकून दिलं, ते मी ग्रॅममध्ये मोजायला गेलो, एवढाच माझा दोष. काटा परत नेला.

तुझा,
धाकटा

ता. क. लेक अजूनही प्रत्येक वेळी पाजून झालं की, "बाबा, पुरलं असेल ना?" विचारते. माझ्या 'हो'वर तिचा विश्वास उरलेला नाही. तू चौघांना अंगावर पाजून वाढवलंस. चार दिवस येऊन तिच्याजवळ बस.

ता. क. २. येताना बाळाला चाटवायला मध आणू नकोस. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, असं नर्सबाईंनी बजावलंय. खरं तर एवढंच कळवायचं होतं. तू चिडशील म्हणून आधी स्वतःची फजिती लिहिली.