सतरा अक्षरांची गाडी

३ फेब्रुवारी, मंगळवार

सापडली म्हणे! सकाळी हे दात घासता घासताच बाहेर आले. तोंडात फेस, हातात फोन — "अगं, सापडली! तीच! आणि विकायची आहे!" मी म्हटलं, आधी चूळ भरा.

तर गाडी. लग्नाआधीपासून यांच्या मनात घर करून बसलेली स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीटा, उघडणारं छप्पर. कंपनीने मोजक्याच काढल्या आणि पुढे कंपनीच उरली नाही. यांनी आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्ध्या शहराला गाडी शिकवली, पण बसले कायम शेजारच्या सीटवर! पाय जादाच्या ब्रेकवर आणि तोंडात "हळू, हळू". आता स्कूल देऊन टाकलं, तर ही गाडी एकदा तरी स्वतःच्या हातात हवी, एवढाच हट्ट आहे. आजवर कधी काही मागितलं नाही, म्हणून मला नाही म्हणवत नाही.

"अक्षरं बारीक आहेत, तूच वाच," म्हणाले. वाचून दाखवली जाहिरात. विकणारे दातांचे डॉक्टर आहेत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन. तिकडे लांब बसून तिला आमची काळजी. "आई, बाबांनी डोळे दाखवले का? मागच्या खेपेला पायरी चुकले होते." यांनी आतूनच ओरडून सांगितलं — "दाखवले! नवा चष्मा टाकलाय!" टाकलाय खरा, केव्हाचा! आणायला जायचं नाव नाही. गाडीपुढे दुसरं काही सुचेल तर ना!

८ फेब्रुवारी, रविवार

गाडी पाहून आलो. आमच्या स्कूलच्या गाड्या सांभाळायचे ते मिस्त्रीही बरोबर होते. डॉक्टरांनी वरचं कापड ओढलं आणि — पिवळी! पिवळीधमक! माझ्या तर डोळ्यांवरच आली. ओठांवर आलेलं गिळलं, कारण यांचा चेहरा. नुसते उभे राहिले. मग तळहात टेकवून नाकापासून शेपटापर्यंत हळूहळू फिरून आले. मला इतक्या प्रेमाने कधी कुणी पाहिलं नसेल.

चालवून मात्र पाहिली नाही. "मिस्त्री चालवतील, मी शेजारी बसून आवाज ऐकतो." शिस्तीचा माणूस! आपली झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

मिस्त्री परत आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, चालते झकास. पण साध्या मॉडेलवर हिचा साज चढवून विकणारे फार आहेत. गाडीचा चॅसिस नंबर उलगडल्याशिवाय होकार देऊ नका."

परतताना यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो थेट बसथांब्यापर्यंत. या वयात! भर रस्त्यात! मी आपली लाजले.

९ फेब्रुवारी, सोमवार

नंबर उलगडायचं काम माझ्याकडे. बरोबरच आहे — छापखान्यात मुद्रितं तपासण्यात हयात गेली, काना-मात्रा सुटू दिली नाही कधी. डॉक्टरांनी गाडीवरून उतरवून दिलेला नंबर आणि या गाड्यांच्या हौशी मालकांच्या मंडळाने काढलेला तक्ता घेऊन बसले. इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून सतरा घरं. आधी बनवणारा कोण ते, मग मॉडेल, मग वर्ष, शेवटी त्या गाडीचा स्वतःचा क्रमांक. सहाव्या घरात बी असेल तरच गाडी अस्सल. आणि नववं घर राखणदाराचं! बाकीच्या सोळांचा एक ठरलेला हिशेब करायचा, उत्तर नवव्या घराशी जुळलं पाहिजे. कुणी एक अक्षर जरी फिरवलं तरी राखणदार बोंब मारतो. किती हुशारीचं काम! आमच्या छापखान्यात असा राखणदार हवा होता.

हे समोर हनुवटी टेकून ऐकत होते. लहान मुलाला गोष्ट सांगावी तसं मी सांगत गेले.

डॉक्टरांच्या कागदावर सहाव्या घरात आठ आहे. आठ तर तक्त्यात कुठेच नाही!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हिशेब जुळत नाही. पुन्हा पुन्हा केला. नाहीच. डॉक्टर फोनवर उखडले — "मी काय चोर वाटलो का तुम्हाला?" मिस्त्रींच्या मते नंबरचा पत्रा दुसऱ्या गाडीचा कापून जोडलेला असू शकतो.

हे रात्री जेवले नाहीत. "जाऊ दे, नशिबात नाही," एवढंच. मला फार वाईट वाटलं. गाडीचं नाही, यांचं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा गेलो. मीच हट्ट धरला. कागदावर विश्वास नाही, मूळ प्रत पाहायची — जन्माची सवय.

नंबर इंजिनाजवळ पत्र्यावर ठोकलेला आहे, वरून पिवळ्या रंगाचा जाड थर. भिंग लावून, डोळ्यांत तेल घालून वाचला. आठच! मी सरळ उठून उभी राहिले. तेवढ्यात यांनी वाकून आत हात घातला. बोटाने चाचपत चाचपत सहाव्या घरावर आले आणि थांबले.

"आठ नाही गं. बी आहे. पाठ सरळ आहे याची."

"अहो, मी भिंगातून पाहिलंय!"

"पाहिलंस. हात लाव."

लावला. खरंच की! रंग भरून कोपरे बुजले होते. मिस्त्रींनी तेवढाच रंग खरवडून काढला, तर खाली बी — लखलखीत. तिथेच उभ्याने हिशेब केला. जुळला! राखणदार गप्प! हे डॉक्टरांचे दोन्ही हात धरून हसत सुटले. मी आणि मिस्त्री अजून आत वाकलेलो. पिवळ्याच्या खालून हिरवी कड डोकावत होती. "नंतर कुणीतरी रंगवलीय," मिस्त्री पुटपुटले.

माझ्या नजरेतून सुटावं आणि यांना सापडावं! घरी येईपर्यंत मी थोडी घुश्शातच होते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दाराजवळच्या पट्टीवर आणखी काही खुणा होत्या, त्या उतरवून आणल्या होत्या. आज चहा घेता घेता एकेक उलगडून यांना वाचून दाखवली. गिअरबॉक्स, चाकं, सीटांचं कातडं. शेवटी रंग.

"गर्द हिरवा," मी वाचलं.

"गर्द हिरवा," हे म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशीच, "गर्द हिरवा." आणि कपाकडे हात नेताना तो पाडला. टेबलभर चहा! एवढं हुरळून जायचं?

पिवळ्याचा विषय मी काढला नाही. समोर दिसतंय ते काय सांगायचं!

२२ फेब्रुवारी, रविवार

यांचं आता नवीनच. माझं लायसन्स नव्याने करून आणायला लावलं, आणि वर मिस्त्रींच्या गाडीवर फेऱ्या मारायची शिक्षा. लग्नानंतर यांनीच शिकवलं होतं मला, पण शेजारी बसून इतके टोकत की एकदा भर चौकात किल्ली यांच्या मांडीवर टाकून मी चालत घरी आले. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. शिकवलेल्यांत मीच एक वाया गेलेली!

"आता कशाला हे?" विचारलं.

"असू दे. असलेलं बरं."

२८ फेब्रुवारी, शनिवार

गाडी आपली झाली! सह्या करताना हे इतके भारावले होते की कुठे करायची ते प्रत्येक पानावर मला बोट ठेवून दाखवावं लागलं. मिस्त्रींनी आणून फाटकात लावली. दोन घरं पलीकडचे लोक बघायला आले.

उद्या सकाळी रस्ता मोकळा असताना हे चालवणार, मी शेजारी. मला आनंद होतोय आणि धडधडतंयही. किल्ली उशाखाली घेऊन निजले आहेत.

१ मार्च, रविवार

कोवळं ऊन. कापड मीच काढलं. हे कट्ट्यावर उभे होते. दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "हा हिरवा उन्हात काय खुलतो ना गं!"

कापड हातातच राहिलं. खांद्यावरचा हात, न आणलेला चष्मा, सांडलेला चहा, सह्या — सगळं एकदम. मी! सगळ्यांच्या चुका पकडणारी मी!

"हो," म्हटलं. "फार खुलतो." आणि हात पुढे केला. "किल्ली द्या."

यांनी खिशातून काढून दिली. गाडीला हात लावत, चाचपत, वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. पट्टा लावला.

"हं," म्हणाले. "पहिला गिअर टाक. आता क्लच सोड. हळू. हळू."